ग्राहकांसाठी दिवाळी भेट २०२५ : अंबडच्या टूलरूममधल्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

यंदा ग्राहकांच्या दिवाळी भेटींचं काम सरांनी माझ्याकडे दिलं. पहिल्या दिवसापासून नोंदी ठेवते आहे, म्हणजे पुढच्या वर्षी ज्याच्याकडे हे काम येईल त्याला पुन्हा पहिल्यापासून चौकशा कराव्या लागणार नाहीत.

आमची टूलरूम अंबड एमआयडीसीत. जिग, फिक्स्चर (मशीनवर भाग एकाच जागी घट्ट धरून ठेवणारी साधनं) आणि गेज (भागाचं माप तपासायची साधनं) बनवतो. ग्राहक बहुतेक अंबड, सातपूर, गोंदे आणि सिन्नरचे, काही चाकण आणि वाळूजचे. दरवर्षी सप्टेंबर संपता संपता कुणीतरी कॅटलॉग घेऊन येतो, त्यातली एक वस्तू ठरते, तिच्यावर आमचं नाव छापून येतं आणि दिवाळीच्या आठवड्यात गाडी फिरते. गेल्या वर्षी काय दिलं होतं, असं आज ऑफिसात विचारलं. दोघांनी दोन वेगळ्या वस्तू सांगितल्या. हे मला फार लागलं. पैसे खर्च झाले, माणसं फिरली, आणि वस्तू कुणाच्या लक्षातही राहिली नाही.

वेळापत्रक उलटं मोजून काढलं. वसुबारस १७ ऑक्टोबरला, धनत्रयोदशी १८ला, लक्ष्मीपूजन २१ला. शेवटच्या आठवड्यात ग्राहकांचे लोक जागेवर सापडत नाहीत, म्हणून बाहेरगावचा माल १० ऑक्टोबरला निघालाच पाहिजे. त्याआधी गणपती, मग ८ ते २१ सप्टेंबर पितृपक्ष, आणि त्या पंधरवड्यात सर नवी खरेदी करू देणार नाहीत. म्हणजे नमुने गणपतीच्या सुमारास आणि ऑर्डर घटस्थापनेला, याच्या पुढे सरकायला जागा नाही.

सरांनी एकच गोष्ट सांगितली: "वस्तू हलकी वाटायला नको." मी त्यात माझी एक भर घालते: दिलेली वस्तू होळीलाही वापरात दिसली पाहिजे.

६ ऑगस्ट, बुधवार

जुनी वाटप यादी काढली. जवळपास सगळी नावं खरेदी विभागातली किंवा प्लँट हेडची. ज्यांच्या सहीने ऑर्डर येते, त्यांची.

आमचं फिक्स्चर मात्र लाइनवरचा सेटर (मशीन लावून देणारा कारागीर) वापरतो. लोकेटिंग पिन (भाग जागेवर बसवणारी) झिजली, क्लॅम्प ढिला पडला की फोन त्याचा येतो. गेज गो-नोगोला (भाग मापात आहे की नाही या तपासणीला) अडलं की इन्स्पेक्टर बोलावतो. परत आलेला माल स्टोअरवाला सांभाळून ठेवतो. आमच्या कामाची पारख या लोकांच्या हातात होते आणि त्यांच्यातल्या एकाचंही नाव यादीत नाही. सर्व्हिसला जाणाऱ्या आमच्या दोन्ही मुलांना बसवून प्रत्येक ग्राहकाकडच्या अशा माणसांची नावं लिहून घेतली. यादी दुपटीहून मोठी झाली. बजेट तेवढंच आहे, त्यामुळे दरडोई रक्कम खाली येणार. मला ते चालेल. सरांना पटवावं लागेल.

तीन गट केले. पहिला, लाइनवरचे आणि क्वालिटीचे लोक. दुसरा, ऑफिसातले: खरेदी, अकाउंट्स, डिझाइन. तिसरा छोटा, अगदी सुरुवातीपासून आमच्यावर विश्वास टाकलेल्या ग्राहकांचा. आमच्याकडे एकच मिलिंग मशीन होतं तेव्हापासूनचे हे लोक. त्यांची नावं सरांनी यादी न बघता सांगितली.

११ ऑगस्ट, सोमवार

प्रत्येक ग्राहकाकडे फोन किंवा मेल करून एकच प्रश्न विचारते आहे: तुमच्याकडे पुरवठादारांकडून भेट घेण्याबद्दल काही नियम आहे का? हा प्रश्न विचारायला आपल्याकडे संकोच वाटतो. उत्तरं मात्र सगळ्यांनी मोकळेपणाने दिली.

परदेशी मालकीच्या दोन कंपन्यांनी साफ सांगितलं की काहीही पाठवू नका. एका ठिकाणी किरकोळ किमतीची, कंपनीचं नाव असलेली वस्तू चालते, रोख, सोनं-चांदी किंवा व्हाउचर नाही. आणखी एका ठिकाणी सगळ्या भेटी एचआरकडे जमा होतात आणि चिठ्ठ्या टाकून वाटल्या जातात. सरकारी उपक्रमाच्या अधिकाऱ्यांना आम्ही स्वतःहूनच काही पाठवायचं नाही, हे सरांनी आधीच ठरवलं होतं.

भेट स्वीकारल्यामुळे समोरच्या माणसाला खुलासा द्यावा लागला तर ती भेट त्याच्यासाठी त्रासच. ज्यांचा नियम 'नाही' आहे त्यांना सरांच्या सहीचं पत्र जाईल, हाताने लिहिलेलं, आणि त्यात त्यांच्याकडे वर्षभरात झालेल्या कामाचा उल्लेख असेल.

१४ ऑगस्ट, गुरुवार

कॅनडा कॉर्नरजवळच्या एका वितरकाकडून नमुने आणले. टेबलावर मांडून सगळ्यांना हात लावायला सांगितलं.

पॉवर बँक बाद. आत लिथियम बॅटरी, विमानाने जाणाऱ्या कुरिअरला अडचण. स्वस्तातली घेतली तर वर्षभरात फुगते, आणि फुगलेल्या बॅटरीवर आमचं नाव असणं मला नको. पेन ड्राइव्हही बाद. मोठ्या कंपन्यांत बाहेरचा पेन ड्राइव्ह संगणकाला लावायलाच बंदी असते. टी-शर्टला मापांचा घोळ, आणि दुसऱ्याच्या कंपनीचं नाव छातीवर घेऊन माणूस घराबाहेर पडत नाही, फार तर झोपताना घालतो. तारखांची डायरी सगळेच देतात. जानेवारीत प्रत्येक टेबलावर सहा-सात पडलेल्या असतात.

नाशिक म्हटल्यावर वाइन सुचवणारे तिघे निघाले. घेणाऱ्याच्या घरी ती चालते का, हे विचारता येत नाही. कारखान्याच्या गेटवर तर ती नेण्याचा प्रश्नच नाही. विषय तिथेच थांबवला.

येवल्याच्या पैठणीच्या काठाचं पाकीट मला मनापासून आवडलं असतं. पण नमुना म्हणून आलं होतं ते पॉलिस्टरवर मोर विणलेलं यंत्रमागाचं कापड. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, येवल्यात हातमागावर एकेका साडीला महिने लागतात. त्या नावाने हे कापड ग्राहकाला देणं म्हणजे विणकरांशी अप्रामाणिकपणा. खऱ्या हातमागाचा तुकडा आमच्या बजेटमध्ये बसत नाही, म्हणून सोडलं.

२० ऑगस्ट, बुधवार

आज खरी गोष्ट सापडली, आणि ती आमच्याच शॉपमध्ये होती.

ड्रिलिंग मशीनजवळच्या फळीवर टॅप ड्रिलच्या तक्त्याची (कोणत्या मापाचे आटे पाडायला आधी केवढं भोक करायचं, त्याची) झेरॉक्स चिकटवलेली आहे. तेलाने पारदर्शक झालेली, कडा फाटलेल्या, एम८ची (८ मिमी आट्याची) ओळ अर्धी पुसलेली. मी उभी होते तेवढ्यात दोन जण येऊन त्यावर बोट ठेवून गेले. अण्णांना विचारलं (आमचे सगळ्यांत जुने मिस्त्री, त्यांना सगळेच अण्णा म्हणतात), तर म्हणाले, "मी गेलो त्या प्रत्येक कारखान्यात असाच कागद आहे. नवा कुणी लावत नाही, पण त्याच्याशिवाय कुणाचं चालतही नाही."

हाच तक्ता स्टीलवर कोरून दिला तर? गेजवर नंबर टाकण्यासाठी आमच्याकडे फायबर लेझर मार्किंग मशीन आहेच. पत्रा कापायची, कडा मारायची सोय आहे. बाहेरून वस्तू आणून वर नाव छापण्यापेक्षा आमच्या हातची वस्तू जाईल. शर्टच्या खिशात बसेल. आणि कडेवरून अंगठा फिरवला की सेटरला कळेल की आम्ही बर (कापल्यावर कडेला राहणारी धारदार कुसळं) किती काळजीने काढतो.

डिझाइनच्या मुलाने लगेच सुचवलं, सहा इंची स्केलच करू, मागच्या बाजूला तक्ता. सगळ्यांना पसंत पडलं. उद्या ड्रॉइंग.

२५ ऑगस्ट, सोमवार

स्केलची कल्पना सोडली. कारण नीट लिहून ठेवते, पुढे पुन्हा कुणाला सुचेल.

सातपूरच्या एका ग्राहकाच्या क्वालिटी मॅडमना ड्रॉइंग दाखवलं. त्यांनी पाहताक्षणी सांगितलं, "ताई, याच्यावर रेघा असतील तर हे आमच्यासाठी मापनसाधन झालं. ओळख क्रमांक आणि कॅलिब्रेशन नसलेली स्केल लाइनवर दिसली की ऑडिटर एनसी (नियमभंगाची नोंद) काढतो." आयएसओ ९००१ या गुणवत्ता मानकाच्या २०१५च्या आवृत्तीत ७.१.५ हे कलम याच विषयाचं. वाहन उद्योगातल्या आयएटीएफ १६९४९मध्ये तर ते आणखी कडक आहे. म्हणजे प्रेमाने दिलेली वस्तू सेटरच्या खिशातून काढून घेतली गेली असती. शिवाय लांबीची मापं बनवून विकायला २००९च्या वैधमापन कायद्याखाली परवाना लागतो. आम्ही विकणार नाही हे खरं, पण त्या वाटेला जायचंच कशाला?

मग रेघा काढून टाकल्या. मोजायचं काही नाही, फक्त वाचायचं. आकार एटीएम कार्डाचा, ८५.६ बाय ५४ मिमी. हा आकार जगभर ठरलेला आहे आणि पाकिटाचे कप्पे त्याच मापाचे असतात. जाडी १ मिमी, एसएस ३०४ स्टेनलेस स्टील.

पुढच्या बाजूला टॅप ड्रिल: एम३ला २.५, एम४ला ३.३, एम५ला ४.२, एम६ला ५.०, एम८ला ६.८, एम१०ला ८.५, एम१२ला १०.२, एम१६ला १४.० मिमी. मागच्या बाजूला एच७ची सहिष्णुता (भोकाच्या मापात चालणारा फरक), म्हणजे ३ ते ६ मिमीला अधिक १२ मायक्रॉन, ६ ते १०ला १५, १० ते १८ला १८, १८ ते ३०ला २१, ३० ते ५०ला २५, ५० ते ८०ला ३०. खालची मर्यादा सगळीकडे शून्य. फिक्स्चरमध्ये लोकेटिंग पिनसाठी भोकं करताना हेच आकडे रोज लागतात. आकडे तिघांनी वेगवेगळे तपासले आणि ड्रॉइंगवर तिघांच्या सह्या घेतल्या. चुकीचा आकडा शेकडो भोकं बिघडवेल, त्यामुळे इथे घाई चालणार नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

पहिला नमुना निघाला. स्क्रीनवर छान दिसत होता. अण्णांनी हातात घेतला, लांब धरला, मग खिडकीपाशी नेला. १.२ मिमी उंचीची अक्षरं चाळिशी ओलांडलेल्या माणसाला, लाइनवरच्या दिव्यात, कामाच्या धांदलीत वाचता येत नाहीत. अक्षरं १.८ मिमी केली. त्यासाठी नमुन्यात मागच्या बाजूला घेतलेला शाफ्टच्या सहिष्णुतेचा रकाना काढला. डिझाइनचा मुलगा खट्टू झाला, पण वाचता न येणारा रकाना असून काय उपयोग?

लेझरचे दोन प्रकार करून पाहिले. खोल कोरलेल्या अक्षरांत तेल आणि काळपट घाण साचते. कमी वेगाने, पृष्ठभाग फक्त तापवून काळं केलेलं अक्षर गुळगुळीत राहतं, फडक्याने पुसलं की स्वच्छ. वेळ जास्त लागतो, तरी दुसराच प्रकार घेतला.

४ सप्टेंबर, गुरुवार

काल रात्री जीएसटी परिषदेची बातमी आली, आणि आज सकाळी सीए मॅडमचा फोन. नवे दर २२ सप्टेंबरपासून लागू. तांब्याची घरगुती भांडी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर.

तिसऱ्या गटाला तांब्याचं काहीतरी द्यावं असं सरांच्या मनात पहिल्यापासून होतं, म्हणून ही बातमी आमच्या कामाची. सीए मॅडमनी समजावलेला मुद्दा इथे लिहिते, कारण बऱ्याच छोट्या कारखानदारांच्या तो लक्षात येत नाही. भेट म्हणून वाटलेल्या मालावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. २०१७च्या केंद्रीय जीएसटी कायद्याचं १७(५)(एच) कलम तसं सांगतं. म्हणजे भेटीवरचा कर हा पूर्ण खर्चच. १,५०० रुपयांच्या भांड्यावर आधी १८० रुपये लागले असते, आता ७५. वाचलेले १०५ खरोखर आपल्या खिशात राहतात. कार्डांसाठी जो पत्रा वापरू, त्यावरचं क्रेडिटही उलटवावं लागेल.

दुसरं, आयकराचं १९४आर. १ जुलै २०२२पासून, व्यवसायाच्या संबंधातून एका व्यक्तीला वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा लाभ दिला तर १० टक्के टीडीएस. आमची कुठलीच भेट त्याच्या आसपासही जात नाही, पण ग्राहकाला सहलीला नेणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

१० सप्टेंबर, बुधवार

भांडी बाजारात जाऊन आले. पितृपक्ष असल्याने गर्दी नव्हती, दुकानदारांना बोलायला वेळ होता. खरेदी नाही, फक्त चौकशी, असं आधीच सांगितलं. दुकानाच्या काकांनी तरीही चहा मागवला.

सरावलेल्या हाताने मठारलेला तांब्या आणि यंत्रावर ठोक्यांची नक्षी उठवलेला तांब्या काकांनी शेजारी शेजारी ठेवले. यंत्राचे ठोके एकसारखे, ओळीत. हाताच्या ठोक्यांत किंचित फरक, आणि प्रकाशात भांडं फिरवलं की प्रत्येक ठोका वेगळा चमकतो. ठोक्यांनी तांबं कठीण होतं, पातळ पत्र्यालाही बळ येतं. हे आमच्या धंद्यातलं ज्ञान, तरी भांड्यात असं समोर ठेवून कुणी दाखवलं नव्हतं. लाखेचा चकचकीत थर दिलेली भांडी नकोत, असं काकांनीच सांगितलं: थर जागोजागी उडतो, मग तांबं ठिपक्याठिपक्यांनी काळं पडतं आणि घासताही येत नाही.

नाव कसं घालायचं हा प्रश्न होता. आमच्या लेझरवर तांब्याचा तुकडा करून पाहिला होता. त्या तरंगलांबीचा नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकाश तांबं परत फेकतं, उरलेली उष्णता लगेच पसरते, आणि आमच्या कमी ताकदीच्या मशीनवर फिकट, पुसट रेघ उमटते. काकांनी समोरच्या ओट्यावर बसलेल्या नाव घालणाऱ्याकडे बोट दाखवलं. लग्नातली, मुंजीतली, स्मरणार्थ दिलेली भांडी आपल्या प्रत्येक घरात आहेत. काठाखाली कोरलेलं असतं: देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, तारीख, 'सप्रेम भेट'. माझ्या माहेरी चाळीस वर्षांपूर्वीची परात आहे. कुणी दिली हे आईला वाचावं लागत नाही, पण नाव अजून स्वच्छ आहे.

परत येताना हाच विचार. कंपनीचं नाव घातलेली भेटवस्तू ही काही कॅटलॉगवाल्यांची नवी युक्ती नाही. आपल्याकडे ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, आणि तिच्यात घेणाऱ्याच्या नावालाही जागा आहे.

१५ सप्टेंबर, सोमवार

नावाच्या आकारावर सरांशी तासभर बोलणं झालं.

त्यांचं म्हणणं साधं होतं: खर्च आपण करतो, नाव दिसलं पाहिजे. तांब्यावर मध्यभागी दोन इंची लोगो. मी त्यांना विचारलं, "सर, तुमच्या घरी दुसऱ्या कंपनीचा एवढा मोठा लोगो असलेला तांब्या पाहुण्यांसमोर निघेल का?" ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "देवघराशेजारी तर नाहीच ठेवणार कुणी."

मी जुनी पद्धत सांगितली. काठाखाली एक ओळ, देवनागरीत, आधी घेणाऱ्याचं नाव, मग आमचं, मग 'दिवाळी २०२५'. सरांनी आत जाऊन त्यांच्या वडिलांना फोन केला. परत आले आणि म्हणाले, "बाबा म्हणतात, असंच करा. पण नावं बरोबर लिहून घ्या, जोडाक्षरं चुकवू नका."

कार्डावरचं नावही लहानच ठेवलं, तळाला चार मिलिमीटरची पट्टी. त्यात लोगोच्या शेजारी आमच्या सर्व्हिसच्या मुलाचा नंबर टाकला, ऑफिसचा नाही. पिन झिजली की सेटरला तोच नंबर हवा असतो. जाहिरात म्हणून यापेक्षा उपयोगाचं दुसरं काही मला सुचत नाही.

ऑफिसच्या गटासाठी वही ठरली. तारखा नसलेली, चौकटींची पानं, जुस (दुमडलेल्या पानांचे गठ्ठे) शिवून बांधलेली, म्हणजे टेबलावर सपाट उघडी राहते. नुसती डिंकाने चिकटवलेली वही मधे दाबली की पानं सुटतात. डिझाइनवाल्यांना स्केच काढायला चौकटी लागतात, अकाउंट्सवाल्यांना रकाने पाडायला. मुखपृष्ठावर काही छापणार नाही, मागच्या पुठ्ठ्यावर फक्त आमची खूण दाबून उठवायची.

२२ सप्टेंबर, सोमवार, घटस्थापना

तिन्ही ऑर्डर आज गेल्या. तांब्याच्या बिलावर ५ टक्के दर पाहून घेतला. घेणाऱ्यांच्या नावांचा कागद मी स्वतः सुवाच्य लिहून दिला, सरांच्या वडिलांनी तो आधी वाचला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

वहीबरोबर बेदाण्याचं छोटं पाकीट. पिंपळगाव भागातल्या बचत गटाकडून. पाकिटावर एफएसएसएआय क्रमांक, पॅकिंगची तारीख आणि शेवटची तारीख हवीच, ते पाहून घेतलं. गटातल्या ताईंनी दोन रंगांचे बेदाणे दाखवले. एकदम उजळ पिवळ्या रंगासाठी गंधकाची धुरी जास्त द्यावी लागते, म्हणून त्यांनीच किंचित तपकिरी घ्या म्हणून सांगितलं. चवीला तेच गोड लागले. यंदा पाऊस मे महिन्यातच सुरू झाला आणि बागायतदारांचे हाल आहेत, त्यामुळे ही खरेदी जिल्ह्यातच व्हावी असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

कार्डांची पहिली खेप व्हायब्रोमधून (हलवून कडा गुळगुळीत करणाऱ्या यंत्रातून) निघाली. प्रत्येक कड अण्णांनी बोटाने तपासली. खिशातून कार्ड काढताना कुणाचं बोट कापलं तर आमच्या बर काढण्याबद्दल नको तीच गोष्ट सांगितली जाईल. काही कार्डं परत फाइलखाली गेली. संध्याकाळी यंत्रांची पूजा झाली, तेव्हा अण्णांनी एक कार्ड व्हर्नियर आणि मायक्रोमीटरच्या शेजारी मांडलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

पॅकिंग. वितरकाने स्वस्तात नॉन-वोव्हन पिशव्या देऊ केल्या. हाताला फार पातळ लागल्या. चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा हलक्या पिशव्यांना बंदी आहे, आणि त्याहून जाड असल्या तरी ते प्लॅस्टिकच. मालेगावच्या सुती कापडाच्या पिशव्या शिवून घेतल्या, नाडीच्या, साध्या. भाजीला नाही तरी डब्याला कामी येतील.

तांब्याच्या खोक्यात एक चिठ्ठी घातली: रोज रात्री पाणी भरून ठेवायला चालेल, ताक, लिंबू सरबत, चिंचेचं काही यात ठेवू नका, आंबट पदार्थात तांबं उतरतं. घासायला मात्र चिंच किंवा लिंबू-मीठ उत्तम, लगेच धुऊन कोरडं करा. घरातल्या मोठ्यांना हे माहीत असतं, तरुण इंजिनिअरना नसतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

चाकण आणि वाळूजची गाडी गेली. नाशिकचं वाटप सोमवारपासून, आमचे लोक स्वतः नेऊन देणार. सर्व्हिसच्या मुलांना सांगितलं आहे की कार्ड गेटवर ठेवून येऊ नका, लाइनवर जाऊन माणसाच्या हातात द्या, आणि फिक्स्चर कसं चाललंय ते विचारा.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

वाटप संपलं. मुलांनी आणलेल्या वह्यांतल्या नोंदी वाचते आहे. भेट द्यायला गेले आणि येताना फिक्स्चरच्या तक्रारी घेऊन आले: एका ठिकाणी क्लॅम्पचा हात पार्ट काढताना आड येतो, एका ठिकाणी रेस्ट पॅड घासला गेला आहे, एका गेजचं हँडल सटकतं. यातली एकही तक्रार ऑफिसच्या मेलवर आलेली नव्हती. दिवाळीनंतर पहिल्या आठवड्यात ही कामं लावून द्यायची, सरांनी होकार दिला.

गोंद्याच्या एका सेटरने कार्ड पाहून विचारलं, "हे माझ्यासाठी? खरेदीच्या साहेबांना द्यायचं असेल." मुलाने नाव लिहिलेली पिशवी दाखवली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दिवाळीनंतरच्या भेटींमध्ये मुद्दाम नजर ठेवायला सांगितलं होतं. कार्डं दिसतात. बरीच खिशात, काही चुंबकाने मशीनच्या पॅनेलवर लावायचा प्रयत्न झालेली. एसएस ३०४ चुंबकाला धरत नाही, म्हणून चुंबक कार्डाच्या वर ठेवून दाबलं तर ते घसरतं. एका ठिकाणी सेटरने कोपऱ्यात भोक पाडून दोरी ओवली आहे. पुढच्या खेपेत आम्हीच ४ मिमीचं भोक देऊ.

डायकास्टिंगच्या दोन ग्राहकांची मागणी आली आहे. ॲल्युमिनियममध्ये ते धातू न कापता दाबून आटे पाडणारे फॉर्म टॅप वापरतात आणि त्याला ड्रिल मोठं लागतं. एम६ला ५.० नाही, ५.५ ते ५.६च्या दरम्यान. चुकून आमच्या कार्डावरचा आकडा वापरला तर टॅप मोडेल. आहे त्या कार्डावर 'कटिंग टॅप' असे शब्द नाहीत, ते घातलेच पाहिजेत, आणि या ग्राहकांसाठी फॉर्म टॅपचं वेगळं कार्ड. आजच सगळ्यांना फोन करून हा फरक सांगायला सुरुवात केली आहे.

एका प्लँटच्या ट्रेनिंग विभागाने आयटीआयहून येणाऱ्या अप्रेंटिस मुलांसाठी कार्डं विकत मागितली. सर म्हणाले, विकत नाही, असेच देऊ. नियमात बसावं म्हणून ती प्रशिक्षण साहित्य म्हणून, पत्रासह, त्यांच्या एचआरच्या नावे जातील.

ज्या दोन कंपन्यांना फक्त पत्र गेलं होतं, त्यांच्यापैकी एकीच्या प्लँट हेडनी सरांना फोन केला. पत्रात ज्या फिक्स्चरचा उल्लेख होता, त्याच्याच पुढच्या मॉडेलबद्दल चौकशी केली.

वह्यांबद्दल फारसं कुणी बोललं नाही, बेदाण्यांबद्दल बरेच बोलले. पुढच्या वर्षी वही पातळ आणि बेदाणे जास्त.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कार्डाच्या ड्रॉइंगची रिव्हिजन 'बी' आज निघाली. बदल: 'कटिंग टॅप' हे शब्द, कोपऱ्यात ४ मिमी भोक, मागच्या बाजूला रिव्हिजनचं अक्षर आणि वर्ष. फॉर्म टॅपच्या कार्डाला वेगळा ड्रॉइंग नंबर. आकडे पुन्हा तिघांनी तपासायचे, या वेळी चौथी सही डायकास्टिंगच्या ग्राहकाकडच्या टूलिंग इंजिनिअरची घेणार आहोत, त्यांनी वेळ देतो म्हणून कळवलं आहे. पत्र्याची ऑर्डर शुक्रवारी.